तायलेर : कापण्याच्या एका क्रियापदाच्या प्रकल्प नोंदी

४ एप्रिल

आज नवं क्रियापद हाती घेतलं. अँग्लो-नॉर्मनमधलं 'तायलेर'. आमच्या टिपणकोशात कायदा आणि व्यवहारात उरलेले अँग्लो-नॉर्मन शब्द मराठीत समजावून सांगायचे असतात. वापरणार प्रामुख्याने कोर्टाची कागदपत्रं भाषांतरित करणारी मंडळी, म्हणून नेमकेपणाला पर्याय नाही.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात: १०६६ साली नॉर्मन इंग्लंडात आले आणि त्यांची फ्रेंच तिथे रुजली, वेगळ्या वळणाने वाढली, ती अँग्लो-नॉर्मन. दरबार, कचेऱ्या, हिशेबवह्या, खटले सगळं तिच्यात. १३६२ साली कायदा झाला की खटल्यांचा युक्तिवाद इंग्रजीत व्हावा, आणि तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिला गेला. न्यायालयांतून लॅटिन आणि फ्रेंच कायद्याने हद्दपार झाल्या त्या थेट १७३३ साली.

उच्चाराचं एक टिपून ठेवते. आजची फ्रेंच 'ताये' म्हणते, तिच्यातला ल विरघळून गेला. इंग्लंडात ल टिकला. म्हणून आपल्याकडे टेलर आला, टॅली आली.

दहा मिनिटांत कार्डावर अर्थ लिहिला: 'कापणे, तोडणे, छाटणे.' सरांना पाठवला.

५ एप्रिल

सरांचा फोन. सर निवृत्त झाले ते कायदा शिकवून, त्यामुळे शब्द सैल सुटलेला त्यांना चालत नाही. म्हणाले, "अगं, कापणे लिहिलंस ते चूक नाही. पण मग याच क्रियापदातून कर कसा निघाला, शिंपी कसा निघाला आणि वारसाहक्क कसा निघाला? कापणाऱ्या सगळ्याच क्रियापदांतून नाही निघाले ते."

बरोबर आहे. कार्ड परत घेतलं.

७ एप्रिल

दिवसभर अँग्लो-नॉर्मन डिक्शनरीत. पहिली आवृत्ती १९७७ ते १९९२ अशी टप्प्याटप्प्याने छापली गेली. आता काम वेल्समधल्या ॲबरिस्टविथ विद्यापीठात चालतं आणि कोश कुणालाही फुकट पाहता येतो. ही सोय नसती तर घरात बसून असलं काम मी हातीच घेतलं नसतं.

आधी शेजारची क्रियापदं बघून घेतली, कारण भाऊबंद कळल्याशिवाय माणूस कळत नाही. 'कुपेर' म्हणजे घाव घालून तोडणे, मुळात 'घाव' या नामावरून. 'त्रेंचेर' म्हणजे आरपार चिरणे. त्यातून इंग्रजीत ट्रेंच म्हणजे खंदक आला. दोन्हींमध्ये जोर हत्याराच्या धारेवर आहे.

'तायलेर'ची कार्डं जमिनीवर मांडली: दगड घडवणे, कापड कापणे, वेल छाटणे, लाकडावर खाच पाडणे, खाचांनी हिशेब ठेवणे, कर बसवणे, जमिनीचा वारसा विशिष्ट लोकांपुरता ठरवून देणे. शिवाय बांध्याचं वर्णन, म्हणजे 'सुरेख घडणीचा' अशा अर्थी. आठ कार्डं. लढाईत शत्रूला कापून काढणे हाही वापर आहे, पण तो या घोळक्यात एकटा पडतो. बाकी सगळीकडे कापणाऱ्याच्या मनात आधी काहीतरी ठरलेलं असतं.

१२ एप्रिल, तासगाव

दादाकडे द्राक्षाची खरड छाटणी सुरू आहे. सुट्टीला म्हणून आले, पण कार्डं बरोबर होतीच.

या क्रियापदाचं मूळ शेतातलं आहे. लॅटिन 'तालेआ' म्हणजे रोपासाठी कापून घेतलेली काडी. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात रोमन लेखक केटोने शेतीवर लिहिलंय त्यात ऑलिव्हच्या अशा काड्या तीन फूट लांबीच्या घ्याव्यात असं सांगितलंय. तालेआवरून पुढे 'तालियारे' हे क्रियापद झालं आणि त्याचंच फ्रेंच रूप तायलेर. फ्रेंच बागाईतदार वेलीच्या छाटणीला आजही 'ताय' म्हणतात.

दादाच्या हातातली कात्री दुपारभर जवळून पाहिली. काडी डाव्या हातात धरायची, अंगठा खालून वर सरकवत तिच्यावरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, मोजायचे, मग कात्री. या छाटणीला एक-दोन डोळे राखतात. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला जास्त राखतात, किती ते जातीवर आणि काडीच्या जाडीवर. मी विचारलं, न मोजता कापलं तर? दादा म्हणाला, "मग ती तोड झाली. छाटणी नाही."

हे वाक्य कार्डावर जसंच्या तसं उतरवलं. छाटणे हा शब्द वेलीच्या अर्थासाठी पक्का. पण इतर सात कार्डांना तो पुरत नाही. कापड कुणी छाटत नाही.

जाताना एक विचार आला तो नोंदवते. आपल्याकडचं 'कलम' असंच चाललंय. अरबीतून आलेला शब्द, मुळात बोरू. कापून टोक केलेला बोरू म्हणजे लेखणी, झाडाला झाड जोडायचं तेही कलम, आणि कायद्यातलं कलम. तालेआशी रक्ताचं नातं काही नाही. पण शेतातून कायद्यात जाणारी वाट भाषांना सापडते हे खरं.

१६ एप्रिल

ब्लाऊज टाकायला गेले होते. काकांचं दुकान गल्लीच्या तोंडाशी आहे, तीस वर्षं तरी आम्ही त्यांच्याकडेच शिवतो. कापडाचा तुकडा टेबलावर अंथरून ते खडूने रेघा मारत होते. मी सहज म्हटलं, "काका, आज कापून होईल का?" ते म्हणाले, "कापायला काय, दोन मिनिटं. बेतायला वेळ लागतो."

बेतणे!

लहानपणापासून कानावर असलेला शब्द आणि बारा दिवस डोळ्यासमोर आला नाही. तिथेच बसून राहिले. काकांनी मापाच्या वहीतून छाती, खांदा, उंची बघितली. कापडाचा उभा धागा कुठला ते ताणून पाहिलं. खडूची रेघ मापावर मारली आणि तिच्या बाहेर दोन बोटं सोडून दुसरी रेघ. दुसरी रेघ कात्रीची. दोन रेघांमधलं कापड आत दुमडून शिवणीत जातं, त्याला 'माया' म्हणतात. उद्या अंग भरलं तर उसवून सोडता येते. सगळ्या रेघा मारून झाल्यावर काका मागे सरकले, एकदा लांबून बघितलं आणि मगच कात्री उचलली. कात्री चालली तेवढा वेळ खरंच दोन मिनिटांच्या आतला होता.

बेतणे म्हणजे मापाप्रमाणे ठरवून कापणे. त्याच्याच आगेमागे 'बेत' म्हणजे योजना आहे, 'बेताची परिस्थिती' म्हणजे मर्यादेतली आहे. जिवावर बेततं तेव्हा कात्री आपल्या मापाला येऊन टेकलेली असते. माप, आखणी, मर्यादा: तायलेरच्या आठ कार्डांत हेच तर तिन्ही आहे.

अँग्लो-नॉर्मनमध्ये कापड बेतणारा तो 'तायलूर', त्याचाच टेलर. लंडनच्या शिंप्यांच्या संघाला १३२७ साली राजाची सनद मिळाली. टेलर हे आडनाव इंग्लंडात आजही फार मोठ्या संख्येने आढळतं. त्यांच्याकडे शिंप्याचं नावच कापण्यावरून आलं. हे नोंदीत येऊ द्यावं.

१८ एप्रिल

बांध्याचं कार्ड निकालात काढलं. 'बिएन तायले' म्हणजे चांगल्या घडणीचा, जुन्या फ्रेंच काव्यकथांतल्या नायक-नायिकांचं नेहमीचं विशेषण. मराठीत 'बेतलेला' म्हणता येत नाही, तिथे 'रेखीव' किंवा 'घोटीव' घ्यावं लागेल. फ्रेंचमध्ये कंबरेला, उंचीला आणि कपड्याच्या मापाला 'ताय' म्हणतात ते याच घरातलं.

२४ एप्रिल

खाचांच्या कार्डावर आले. हा भाग माझ्या सगळ्यात आवडीचा, म्हणून सावकाश लिहिते.

इंग्लंडच्या राजाचा खजिना पावती देई ती लाकडाची. तिला अँग्लो-नॉर्मनमध्ये 'तायल', इंग्रजीत पुढे टॅली. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७०च्या दशकाच्या अखेरीस खजिन्याच्या कारभारावर संवादरूपात एक लॅटिन ग्रंथ लिहिला, त्यात खाचांची मापं दिली आहेत. काठीची लांबी अंगठ्याच्या टोकापासून ताणलेल्या तर्जनीच्या टोकापर्यंत. आपण याला टीच म्हणतो. 'टीचभर' हा शब्द इतका चपखल बसला की भाषांतर करावंच लागलं नाही.

मग खाचा. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीइतकी. शंभरांना अंगठ्याइतकी. विसांना करंगळीइतकी. एका पौंडाला जवाच्या टपोऱ्या दाण्याएवढी. शिलिंगाला त्याहून बारीक. पेनीला नुसती चीर, लाकूड अजिबात काढायचं नाही.

खाचा पाडून झाल्या की काठी उभी चिरायची, म्हणजे प्रत्येक खाच दोन्ही अर्ध्यांवर अर्धी अर्धी येते. एक भाग लांब, एक आखूड. लांब तो 'स्टॉक', पैसे भरणाऱ्याकडे. आखूड तो 'फॉइल', खजिन्यात. हिशेबाच्या दिवशी दोन्ही जोडून बघायचे. कुणी आपल्या अर्ध्यावर एक खाच वाढवली तर दुसऱ्यावर ती नसणार, आणि लाकडाचे तंतू तर कुणालाच जुळवून आणता येणार नाहीत. पावतीपुस्तकातल्या काउंटरफॉइलचं नाव या फॉइलवरून. आपण स्थळप्रत म्हणतो ती.

आपल्याकडे रोज दुकानं बंद होताना विचारतात, "कॅश टॅली झाली का?" तेव्हा आपण बाराव्या शतकातली ही दोन लाकडंच जुळवत असतो.

संध्याकाळी स्वतः करून बघायचं ठरवलं. दादाकडून आणलेली द्राक्षाची काडी घेतली. १२३ पौंड, ४ शिलिंग, २ पेन्स असा आकडा धरला. अंगठ्याची खाच नीट आली, करंगळीचीही आली. चिरायला सुरी लावली आणि काडी मधल्या भेंडापाशी फुटून तीन तुकडे झाले. बोटाला लागलं.

२७ एप्रिल

इंग्लंडात या कामाला हेझेलचं लाकूड वापरत, ते सरळ चिरतं. इथे हेझेल नाही. ओढ्याकाठच्या निर्गुडीची सरळ फांदी आणून दोन दिवस सावलीत ठेवली होती, आज तिच्यावर केलं.

एक अंगठा, एक करंगळी. किराणा दुकानातून जव आणले होते, दाणा लाकडावर ठेवून पेन्सिलने कडा उतरवली आणि तीन खाचा पाडल्या. चार बारीक शिलिंग. दोन चिरा. मग टोकापासून थोडं अंतर सोडून निम्म्या जाडीपर्यंत आडवा छेद घेतला, आणि दुसऱ्या टोकाकडून सुरी ठोकत त्या छेदापर्यंत आणली. टक् आवाज होऊन आखूड भाग सुटला. परत बसवून बघितला. खाचा तर जुळल्याच, पण फांदीत एक तपकिरी रेघ होती तीही इकडून तिकडे सलग गेली. अंगठा फिरवला तर सांधा कुठे आहे ते कळेना.

एक गोष्ट हातानेच शिकवली. पेनीची चीर पाडायला जोर लागत नाही, पण पौंडाची खाच जवाएवढीच ठेवायला सारखं थांबून दाणा लावून बघावं लागतं. कापायचं किती याचं ओझं हातावर सतत असतं. डोक्यात 'खाच पाडणे' असं लिहायचं होतं, ते 'मापाच्या खाचा पाडणे' असं केलं.

या काठ्या १८२६पर्यंत इंग्लंडच्या खजिन्यात चालू होत्या. पुढे १६ ऑक्टोबर १८३४ रोजी साठलेल्या जुन्या काठ्या उमरावांच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या, धुराडी तापली आणि वेस्टमिन्स्टरचा राजवाडा संसदेसकट जळाला. आजची संसदेची इमारत त्यानंतरची.

३ मे

कर. राजा आपल्या खाजगी जमिनींवर आणि शहरांवर जो कर बसवी तो 'तायलाज', इंग्रजीत टॅलेज. ज्यूंवर तर तो वारंवार आणि जबर बसवला गेला. इंग्लंडात शेवटचा टॅलेज १३१२ साली वसूल झाला, पुढे संसदेला विचारल्याशिवाय असा कर घेणं बंद झालं. फ्रान्समध्ये मात्र 'ताय' हा कर १४३९पासून कायमचा झाला आणि राज्यक्रांतीपर्यंत शेतकऱ्यांच्या मानेवर राहिला. उमरावांना माफी होती. कर बसवणं म्हणजे प्रत्येकाच्या नावावर एक वाटा कापून ठेवणं, तो कुठून कापतात याला महत्त्व आहे आणि तिथे त्यांनी ज्याला आवाज नाही त्याचं ताट धरलं. हे लिहिताना मला राग येतो आणि तो नोंदीत नको असला तरी इथे राहू दे.

मराठी शब्द शोधत होते. 'कर' फारच मोघम. तेवढ्यात दाराशी घरपट्टीचं बिल आलं.

पट्टी. कापडाची पट्टी म्हणजे कापलेला लांबट तुकडा. आखायची आणि मोजायची पट्टी. घरपट्टी, पाणीपट्टी म्हणजे कर. आणि दादा मार्केटला माल घालतो तेव्हा अडत्या त्याच्या हातात देतो तीही पट्टी: माल किती, भाव काय, हमाली-तोलाई किती कापली, हातात किती आले.

तुकडा, माप, कर, हिशेबाचा कागद. 'तायल' या नामाचे चारही अर्थ एका मराठी शब्दात, त्याच वळणाने आलेले. या दोन शब्दांची एकमेकांशी कधी गाठ पडली नाही. सरांना रात्री साडेदहाला फोन केला. ते झोपले होते. तरी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "क्रियापदाला बेतणे, नामाला पट्टी. लिही."

९ मे

सगळ्यात अवघड कार्ड: फी टेल.

'टेल' म्हणजे शेपूट अशी समजूत विद्यार्थ्यांत आहे, माझ्याकडे आलेल्या एका भाषांतरात 'पुच्छ-मालकी' असंही होतं. शेपटाचा संबंध नाही. हे 'फे तायले', लॅटिनमध्ये 'फेओदुम तालियातुम', म्हणजे बेतलेली जमीन-मालकी.

मामला असा. एखादा बाप धाकट्या मुलाला जमीन देई, 'त्याला आणि त्याच्या पोटच्या वारसांना' अशा शब्दांत. न्यायालयं म्हणत, मूल जन्मलं की अट पुरी झाली, आता तो जमीन विकू शकतो. मग देणाऱ्याच्या इच्छेला अर्थ काय उरला? १२८५च्या वेस्टमिन्स्टरच्या दुसऱ्या कायद्यातल्या पहिल्या प्रकरणाने ठरवलं की देणाऱ्याचा शब्द पाळायचा. वंश चालू आहे तोवर जमीन वंशात, वंश खुंटला की देणाऱ्याकडे परत. फक्त मुलग्यांच्या वंशाला दिली तर 'टेल मेल'.

१४८१ साली वारलेला न्यायाधीश थॉमस लिटलटन याने जमीनधारणेवर कायद्याच्या फ्रेंचमध्ये पुस्तक लिहिलं. त्यात तो या शब्दाची फोड करतो: तालियारे म्हणजे एखादी गोष्ट एका निश्चितीवर आणून ठेवणे, ठराविक वारशापुरती मर्यादित करणे. काकांच्या खडूची पहिली रेघ हीच. पाचशे वर्षांपूर्वीच्या न्यायाधीशाने आणि आमच्या शिंपीकाकांनी एकच गोष्ट सांगितली याने मला फार बरं वाटलं.

मराठीत काय लिहावं? जुन्या सनदांत 'लेकराचे लेकरी' आणि 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने' असतं, ते घ्यायचा मोह झाला. सरांनी अडवलं, आणि कारण पक्कं दिलं. १८७२ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे तेव्हा इथल्या खटल्यांचं शेवटचं अपील जिथे चाले तिथे, कलकत्त्याच्या टागोर घराण्याचा खटला होता. प्रसन्नकुमार टागोरांनी ख्रिस्ती झालेल्या मुलाला वगळून मृत्युपत्रात मालमत्ता टेल मेलच्या धर्तीवर पुढच्या पिढ्यांना बांधून दिली होती. कौन्सिलने सांगितलं, हिंदू कायद्याला असली मालकी ठाऊक नाही, मृत्युपत्राने ती निर्माणही करता येत नाही. म्हणजे आपल्या कायद्यात ही वस्तूच नाही. वंशपरंपरा म्हटलं तर वाचणाऱ्याला वतन-इनाम आठवेल आणि अर्थ घसरेल.

ठरलं: 'टेल' शब्द तसाच ठेवायचा, पुढे स्पष्टीकरण 'वारसाहक्क विशिष्ट वंशापुरता बेतून दिलेली मालकी'. इंग्लंड-वेल्समध्ये १९९६च्या कायद्यानंतर नवी टेल निर्माण करता येत नाही, तेही जोडलं.

१३ मे

किरकोळ कार्डं उरकली. रिटेल म्हणजे पुन्हा कापणे, मोठ्यातून तुकडा काढून विकणे. आपल्याकडे कापडवाल्याला "अडीच मीटर फाडून द्या" म्हणतात आणि तो ताग्याला कात्रीची चीर देऊन टर्रकन फाडतो, तेच रिटेल. डिटेल म्हणजे तुकडे तुकडे करून सांगणे.

खाचांच्या काठीची आणि डिटेलची गाठ फ्रान्सच्या १८०४च्या नागरी संहितेत पडते. तिचं तेव्हाचं कलम १३३३ म्हणे की जे लोक किरकोळ मालाची देवघेव काठीवर नोंदवतात, त्यांच्यात दोन्ही भाग जुळल्यास काठी पुरावा धरावी. २०१६च्या सुधारणेत ते कलम गेलं. मूळ वाक्यात 'ताय' आणि 'देताय' दोन्ही आहेत. आणि ही संहिता नेपोलियनच्या काळातली.

कर्टेल वगळला. दिसायला याच घरातला वाटतो, पण तो शेपूट तोडलेल्या घोड्याच्या नावावरून आला आहे. इथे शेपूट खरंच आहे.

१९ मे

अंतिम मसुदा दिला.

'तायलेर (क्रि.) : १. मापाने वा ठरवून कापणे; बेतणे (कापड), घडवणे (दगड), छाटणे (वेल). २. मापाच्या खाचा पाडून हिशेब ठेवणे. ३. पट्टी बसवणे. ४. (जमीन) वारसाहक्काच्या दृष्टीने बेतून देणे, पाहा : टेल. ५. भूतकालवाचक धातुसाधित : रेखीव, घोटीव (बांधा). ६. (लढाईत) कापून काढणे.'

सरांनी एकच दुरुस्ती केली. चौथ्या अर्थापुढे पेन्सिलने लिहिलं, 'इथे माया नसते.' म्हणजे टेलमध्ये पुढच्या पिढीला उसवून सैल करण्याची सोय देणाऱ्याने ठेवलेली नसे. इंग्रज वकिलांनी ती पुढे कोर्टातल्या लुटुपुटूच्या दाव्यांतून मिळवली, १४७२पासून त्याचे दाखले आहेत. ते वाक्य मी स्पष्टीकरणात घेतलं.

निर्गुडीच्या काठीचा लांब भाग सरांकडे पोचवला, आखूड माझ्या टेबलावर आहे. उद्यापासून त्रेंचेर.